ठोकून भरलेला कप

आजच्या समारंभाच्या सन्माननीय अध्यक्षा, म्हणजे आपल्या शाळेच्या निवृत्त मोठ्या बाई. व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बसलेले बेकरीचे मालक. ज्यांच्यासाठी आपण सगळे या बंद खिडक्यांच्या हॉलमध्ये घाम पुसत बसलो आहोत ते आपले भट्टीवरचे मास्तर. त्यांच्या शेजारी खुर्चीच्या कडेवर अर्ध्याच टेकलेल्या त्यांच्या पत्नी. आणि समोर बसलेल्या माझ्या गल्लीतल्या बायांनो, बाप्यांनो, आणि चहा कधी येणार म्हणून दाराकडं बघणाऱ्या सगळ्यांनो, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मला सांगितलं गेलं, "आजी, दोन शब्द बोला." दोन शब्दांत आजवर कोणाचं भागलं आहे? माझी शाळा दुसरीतच सुटली, त्यामुळं माझ्याजवळ शब्द थोडे आहेत हे खरं. पण दोन इतके थोडे नाहीत. तेव्हा सूत्रसंचालन करणाऱ्या दादांनी घड्याळ बघू नये. बघायचं तर त्यांच्या घड्याळावरसुद्धा माझा विश्वास नाही.

दारात मला याच दादांनी विचारलं, "आजी, या पिशवीत काय आहे?" मी म्हटलं, "माझं वय आहे, जड झालंय, म्हणून पिशवीत घालून आणलं." पिशवीत काय आहे ते थोड्या वेळानं दिसेलच. मी कोणाच्या पिशवीत डोकावत नाही. निदान समोरासमोर नाही.

माझ्याआधी चौघं बोलून गेले. एकानं मास्तरांना बेकरीचा कणा म्हटलं, एकानं दीपस्तंभ म्हटलं. मालक तर म्हणाले, "मास्तर म्हणजे आमच्या घरचेच." मंडळी, माणूस उठून चालला की त्याचे गुण कसे भराभरा आठवतात हो? इतकी वर्षं हे गुण कुठं होते? इतकी स्तुती ऐकली की माझा उजवा डोळा फडफडायला लागतो. स्तुती झाली, गुच्छ झाला, आता भेटवस्तूही झाली. एवढं सगळं एकाच दिवशी? पाणी कुठं तरी मुरतंय, असं माझं मन मला सांगतं.

आता ही भेटवस्तू बघा. टेबलावर लाल फीत बांधून ठेवली आहे. बेकरीतला जुना वजनकाटा. घड्याळासारखी तबकडी, त्यावर एकच काटा, आणि वर पसरट ताटली. मास्तर आयुष्यभर याच्यासमोर उभे राहिले, म्हणून मालकांनी तो आठवण म्हणून त्यांना दिला. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, हात दुखेपर्यंत नाही, पण वाजवल्या. मात्र मला एक सांगा, हा काटा बरोबर आहे का, हे कोणी पाहिलं? भेट द्यायची आणि ती खोटी निघायची, म्हणजे दोन्ही घराण्यांची अब्रू जायची. तर मी आपली शंकेखोर बाई. पिशवीत एक डबा मैदा आणि दोन कप आणले आहेत. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो तोच पत्र्याचा कप, या हॉलमधल्या प्रत्येकीच्या घरी आहे. दोन्ही सारखे. बाई, तुम्ही उलटेपालटे करून बघा.

बघितले? सारखे आहेत ना? छान.

आता आधी रिकामा कप ताटलीवर ठेवून काटा शून्यावर आणा. आणि मालक, भेट तुम्ही दिली, तेव्हा पहिलं माप घालायचा मानही तुमचाच. या, या. लाजू नका. एक कप मैदा भरा. तुम्ही घरी भराल तसाच भरा, आमच्यासमोर म्हणून वेगळं काही करू नका.

वा. बघा मंडळी, किती मनापासून भरताहेत.

झालं? बाई, काटा किती दाखवतो? मोठ्यानं वाचा, मागच्यांना ऐकू जाऊ द्या. एकशे साठ. सगळ्यांनी ऐकलं ना? एकशे साठ ग्रॅम. आता हा कप असाच झाकून बाजूला ठेवा, त्याला कोणी हात लावायचा नाही. मालक, धन्यवाद, बसा तुम्ही. बोटं पुसायला फडका पिशवीत आहे.

तर मी मास्तरांबद्दल बोलत होते.

मास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, हा माणूस माझ्या वडिलांच्या वयाचा असेल. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्यासुद्धा पांढऱ्या. दुपारी तोंड धुवून बाहेर आले, तर माझ्या धाकट्या दिराच्या वयाचे निघाले. मैदा होता सगळा. जो माणूस नुसतं तोंड धुऊन वय बदलतो त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा? मी तेव्हाच ठरवलं, याच्यावर लक्ष ठेवायला हवं. आणि ठेवलं. आज निरोपाच्या दिवशी ते सांगायला हरकत नाही.

मग याच हॉलमध्ये दर बुधवारी दुपारी मास्तर बायांना केक शिकवायला लागले. फुकट. आता सांगा, स्वतःच्या दुकानात जो केक विकला जातो, तोच केक गिऱ्हाइकांना घरी करायला कोण शिकवतं? आणि तेही फुकट? मी पहिल्या बुधवारी आले ती शिकायला नाही, बघायला आले. मागच्या बाकावर बसले.

मास्तर म्हणाले, "मैदा दोनशे चाळीस ग्रॅम."

आपली शिवणवाली, ती बघा तिसऱ्या रांगेत बसली आहे, तोंड लपवू नकोस गं, ती म्हणाली, "मास्तर, आमच्या घरी काटा नाही. कपात सांगा."

"कपात मैदा मोजू नये."

"का?"

"कप खोटं बोलतो."

मी मागून म्हटलं, "कप कशाला बोलेल? बोलणारे वेगळेच असतात."

हॉल हसला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी एक कप साखर काट्यावर ठेवली, मग त्याच कपात मैदा भरून ठेवला. साखरेला काटा कुठच्या कुठं गेला, मैद्याला अर्ध्याच्या जरा पुढं. म्हणाले, "बघा, कप एकच, वजन दोन." आता एक टोपली कापूस आणि एक टोपली खिळे सारखे भरत नाहीत, हे मला कळतं, मी काही दूधखुळी नाही. पण बायांनी हट्टच धरला. शेवटी मास्तर म्हणाले, "ठीक आहे. पुढच्या बुधवारी आपापला कप घेऊन या."

पुढच्या बुधवारी काय झालं ते नीट ऐका, कारण सगळी गोम तिथं आहे. मास्तरांनी एकेकीला पुढं बोलावलं. तिचा कप तिलाच भरायला लावला. स्वतः शेजारी उभे राहिले, हाताची घडी घालून. कपाकडं बघत नव्हते, हाताकडं बघत होते. माझी पाळी आली तेव्हा माझ्या हाताकडं असे टक लावून बघत होते की मी पदर मनगटापर्यंत ओढून घेतला. मग कप काट्यावर ठेवला, मनाशी काहीतरी पुटपुटले, आणि म्हणाले, "आजी, या केकला तुम्ही दीड कप मैदा घ्या. हे तुमचं माप. दुसरीला देऊ नका, दुसरीचं घेऊ नका."

प्रत्येकीला हेच वाक्य. दुसरीला देऊ नका, दुसरीचं घेऊ नका.

आता मला सांगा, जी गोष्ट 'दुसरीला देऊ नका' म्हणून दिली जाते ती किती वेळ एका घरात राहते? आम्ही हॉलच्या पायऱ्या उतरलो नव्हतो तोच शिवणवालीनं मला कोपरखळी मारली. "तुम्हाला किती सांगितलं हो?"

"तुला किती?"

"आधी तुम्ही सांगा."

"तू वयानं लहान आहेस, आधी तू सांग."

"दोन कप."

"दोन!" माझ्या पायाखालची पायरी सरकली. केक तोच, भांडं तेवढंच, कप त्याच दुकानातला. तिला दोन आणि मला दीड. अर्धा कप मैदा कुठं गेला? आणि कोपऱ्यातल्या नर्सबाईला विचारलं तर तिला पावणेदोन. मोजताना ज्याचा आकडा माणसागणिक बदलतो त्याला आमच्याकडं काय म्हणतात, ते मी व्यासपीठावरून म्हणणार नाही.

मी विचार केला, शिवणवाली मास्तरांचे एप्रन शिवून देते, म्हणून तिला खरं माप दिलं आणि मला खोटं. आणि या शहाणीनं काय विचार केला असेल? हिला वाटलं, आजी तोंडानं फटकळ, तिला फसवायची मास्तरांची छाती नाही, तेव्हा खरं माप आजीचंच असणार! झालं. घरी जाऊन मी तिचं माप वापरलं, तिनं माझं.

माझा केक असा झाला की दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात, पण त्या दिवशी विटेनंही माझ्या केकपुढं हात जोडले असते. सुरी आत गेली ती बाहेर येईना. हिचा केक फुगून वर आला, जरा वेळ उभा राहिला आणि मधेच खाली बसला, सभेत नाव पुकारल्यावर बसतात तसा. चमच्यानं खाल्ला म्हणे तिच्या पोरांनी.

दोघी तावातावानं बेकरीत गेलो. मास्तरांनी दोन्ही केक बघितले, माझ्या केकवर बोटानं टकटक केलं, तिच्या केकवर नुसती फुंकर मारली, आणि विचारलं, "मापं बदललीत का?"

आम्ही दोघी एका सुरात, "छे हो!"

मास्तर "बरं" म्हणाले आणि आत निघून गेले. एक शब्द जास्त नाही. माणूस एवढ्यावर गप्प बसला म्हणजे नक्कीच काहीतरी झाकतोय, नाही का? मी त्याच संध्याकाळी गल्लीभर सांगितलं की मास्तर मुद्दाम खोटी मापं देतात, म्हणजे घरचे केक फसावेत आणि दुकानातले खपावेत. तुम्ही सगळ्या माना डोलवत होता, विसरला असाल तर मी नावानिशी आठवण करून देते.

नको? बरं.

पुढं माझी सूनबाई बेकरीत कामाला लागली. आधी केक भाजायच्या पत्र्यांना तूप लावायला, मग कणीक मळायला, मग हळूहळू भट्टीपाशी. मी तिला बजावलं, "डोळे उघडे ठेव. हा माणूस काय लपवतो ते बघ." ती म्हणाली, "आई, तिथं डोळे उघडे ठेवले की मैदाच जातो." माझी सून तशी कमी बोलते. बोलते तेव्हा असं बोलते. त्यामुळं आमचं जमतं, म्हणजे भांडायला विषय पुरतात.

वर्षं गेली. यंदा मास्तरांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला, पाठोपाठ मास्तरांनी. आणि प्रश्न आला, भट्टी कोणाकडं? मास्तर म्हणाले, "हिच्याकडं द्या, हिला सगळं येतं." मालक म्हणाले, "बघू." मंडळी, मालक लोक 'बघू' म्हणाले की समजावं, ते दुसरीकडं बघताहेत. कानावर आलं की दूरच्या कारखान्यातून तयार केक आणि पाव मागवायचा विचार चाललाय. प्लॅस्टिकच्या पिशवीतला, चौकोनी, आठ दिवस शिळा होत नाही तो. जी वस्तू आठ दिवस शिळी होत नाही ती ताजी तरी कधी होती, मला शंका आहे. पण ते जाऊ द्या. तसं झालं की भट्टी बंद, आणि सूनबाईनं काउंटरला उभं राहून पिशव्या द्यायच्या. एवढी वर्षं हात भाजून शिकली, ते सगळं पाण्यात.

मास्तरांनी फार धरलं, तेव्हा मालक म्हणाले, "परीक्षा घेतो. पण दुकानात नाही. तिथं मास्तर आहेत, काटा आहे, सगळं हाताशी आहे, तिथं कोणीही करेल. माझ्या घरी, माझ्या ओव्हनमध्ये, माझ्यासमोर."

सूनबाई गेली. मालकांच्या घरी काटा नाही. त्यांनी विचारलं, "मैदा किती?" ती म्हणाली, "दोन कप." तिच्या हाताचं माप तेच आहे.

ती संध्याकाळी घरी आली आणि भांडी घासायला बसली. आधीच घासून ठेवलेली भांडी. मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

"केक कसा झाला?"

"झाला."

"मालक काय म्हणाले?"

"म्हणाले, मास्तर शेजारी नसले की हिला जमत नाही."

"कसा झाला होता?"

"तुम्ही एकदा केला होतात ना, आई, विटेसारखा. तसा."

आता बघा, मला राग यायला हवा होता. पण माझ्या डोक्यात दुसरीच कळ दाबली गेली. हिचा केक? आणि विटेसारखा? जी घरी डोळे मिटून करते तरी कापसासारखा होतो, तिचा? मी तिच्या हातातली कढई काढून घेतली.

"मैदा कोणी भरला?"

ती पुढचं भांडं घासायला लागली.

"अगं, मी सासू आहे, पोलीस नाही. पोलिसाला चुकवता येतं. कोणी भरला?"

"मालकांनी. म्हणाले, मैदा मी भरणार, मागाहून कोणी काही म्हणायला नको."

"कसा भरला?"

तिनं माझ्याकडं बघितलं आणि खाली मान घालून म्हणाली, "तुमच्यासारखा."

"माझ्यासारखा म्हणजे?"

"म्हणजे कप डब्यात खुपसायचा, वरून तळव्यानं दाबायचं, ओट्यावर ठोकायचा, खाली बसला की वर आणखी घालायचा. मी म्हटलंसुद्धा, मालक, जरा हलक्या हातानं. तर म्हणाले, दोन म्हणालीस ना? मग दोनच. आता हिशेब बदलायचा नाही."

मंडळी, मी तशीच पाटावर बसले. दीड आणि दोन. दोन आणि दीड. इतकी वर्षं जो अर्धा कप मी मास्तरांच्या नावावर मांडला होता, तो डोळ्यांपुढं दिसायला लागला.

तरी मी एका साक्षीवर विश्वास ठेवत नाही. दुसऱ्या दिवशी बेकरीत गेले. मास्तर कणकेचं टेबल खरवडत होते. मी सरळ विचारलं, "मास्तर, तेव्हा मला दीड का सांगितलं आणि शिवणवालीला दोन का?"

ते म्हणाले, "तुमचे हात बघितले म्हणून."

"माझ्या हाताला काय धाड भरलीय?"

"काही नाही. जोरात आहे. शिवणवाल्या ताई चमच्यानं अलगद भरतात, कापडाला पावडर लावावी तसं. तुम्ही ठोकून भरता. तुमच्या दीड कपात त्यांच्या दोन कपांएवढा मैदा बसतो. साखर ठोकली तरी फारशी दबत नाही, आजी. मैदा दबतो. त्यात निम्मी हवाच असते. ती ठेवायची की काढायची, ते कप ठरवत नाही, हात ठरवतो."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं, की ठोकू नका?"

टेबल खरवडता खरवडता म्हणाले, "सांगितलं असतं तर तुम्ही ठोकणं सोडलं असतं का?"

मी विचार केला. आणि प्रामाणिकपणे सांगते, नसतं सोडलं. कसं सोडेन? आयुष्यभर दुकानदारासमोर उभं राहून धान्य घेतलेली बाई मी. ज्यानं माप ठोकलं नाही त्यानं हवा विकली, हे आईनं शिकवलेलं. विकणारा सैल भरतो आणि घेणारा ठोकून भरतो, ही जगाची रीत आहे. मालकसुद्धा दुकानात बसून सैल भरत असतील, मी काही म्हणत नाही. पण त्या दिवशी ओट्यापाशी ते घेणारे होते. म्हणून ठोकलं. त्यात त्यांचा दोष नाही. हात आपला धंदा विसरत नाही.

मी मास्तरांना म्हटलं, "हे मालकांना सांगितलंत का?"

"सांगितलं."

"मग?"

"म्हणाले, तुमची शिष्या आहे, तुम्ही असंच म्हणणार."

आता यात मालकांचं काय चुकलं? मीही हेच म्हटलं असतं. मास्तर तिची बाजू घेणार, ती स्वतःची घेणार. विश्वास कोणावर ठेवायचा? असं माणूस पाहिजे, ज्याच्यावर सूनबाईवर माया असल्याचा आरोप कोणीही करणार नाही.

मंडळी, मी सासू आहे. आमच्या घरातून येणारे आवाज गल्लीनं ऐकले आहेत. माझ्याइतका निःपक्षपाती साक्षीदार तुम्हाला दिवा घेऊन शोधलात तरी सापडणार नाही.

पण मला वाटलं, अजून वेळ आहे, मालक 'बघू' म्हणताहेत. म्हणून मैदा आणि कप तेवढे पिशवीत घातले, काटा इथं आल्यावर बेकरीतून मागवणार होते. आणि मग आज इथं येऊन बसले, आणि लाल फितीतला काटा बघितला. तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी मात्र टाळ्या वाजवता वाजवता हिशेब मांडला. अहो, भट्टी चालू ठेवायची असेल तर काटा कोणी देऊन टाकतं का? न्हाव्याला निरोप देताना दुकानातला वस्तरा भेट देतात का? काटा दिला, म्हणजे सोमवारपासून वजन करायला काही असणारच नाही. म्हणजे ठरलंय! पिशव्या येणार आहेत. मालक, खरं की खोटं?

खाली बघू नका. टेबलाखाली काही नाही, मी मघाशीच बघून घेतलंय.

बरं, ते राहू द्या. हातच्या कांकणाला आरसा कशाला? सूनबाई, पुढं ये. ये गं, चपला नंतर शोध. हा दुसरा कप घे. तू रोज भरतेस तसा भर.

बघा. डब्यातला मैदा आधी चमच्यानं हलवून मोकळा करते. मग चमच्या-चमच्यानं कपात सोडते. दाबत नाही, ठोकत नाही. वर आलेला ढीग सुरीच्या पाठीनं सपाट. मला हे बघून अजूनही हात शिवशिवतो, एकदा तरी ठोकावंसं वाटतं. पण मी हात मागं बांधून उभी आहे.

बाई, काटा वाचा.

एकशे वीस.

आता झाकलेला कप उघडा. मालकांच्या हातचा. कोणी हात लावला नाही ना? बाई, तुम्ही शेजारीच होता. वजन मघाशीच वाचलंय, एकशे साठ. कप तोच, मैदा त्याच डब्यातला, काटाही त्यांनीच भेट दिलेला. आणि मालक, आता पुन्हा भरून दाखवतो म्हणू नका. आता तुम्ही अलगदच भराल, मलासुद्धा तेवढं कळतं. म्हणूनच तर तुम्हाला पहिला मान दिला.

बाई, दोन कपांत फरक किती पडतो? ऐंशी ग्रॅम. म्हणजे पाऊण किलोच्या गोष्टी नाहीत, पण एका केकचा एक तृतीयांश मैदा जास्त. एवढा मैदा घातल्यावर केक होतो की उंबरठा? हा हिशेब बाई सांगताहेत हो, त्यांनी आयुष्यभर गणित शिकवलं. मी फक्त विटेची साक्ष देऊ शकते, ती मी खाल्ली आहे.

तेव्हा मालक, त्या दिवशी परीक्षा कोणाची झाली? नापास कोण झालं? मी काही बोलत नाही. सगळा हॉल बघतोय, तुम्हीच सांगा.

मालकांनी मान हलवली. मान हलवली म्हणजे काय समजायचं? मान तर माझ्या घरचा पंखाही हलवतो, वारा येत नाही. हा घ्या माईक. यात बोला.

"सोमवारपासून भट्टी सूनबाईंकडं. सध्या."

ऐकलंत? थांबा, टाळ्या नंतर. शेवटी बारीक आवाजात एक शब्द आला. सध्या. सध्या म्हणजे काय हो? सध्या तर आपण सगळेच आहोत. मालक, तुमच्या हाताचं माप मला कळलंय. घेताना ठोकून आणि देताना सैल. तो शेवटचा शब्द सुरीच्या पाठीनं काढून टाका आणि पुन्हा बोला.

"सोमवारपासून भट्टी सूनबाईंकडं."

आता वाजवा. बाई, तुम्ही साक्षीदार आहात.

मास्तर काहीतरी म्हणताहेत. मागं ऐकू आलं नसेल, मी सांगते. मास्तर म्हणताहेत, "फीत सोडा. काटा भट्टीपाशीच राहू द्या. मी घरी नेऊन त्याच्यावर काय मोजणार?" बघा, भेट परत करताहेत. आयुष्यात मी बघितलेला हा पहिला माणूस, जो भेट परत करताना मघापेक्षा जास्त खुशीत दिसतोय. सूनबाई, उचल तो काटा. दोन्ही हातांनी. आणि फीत मला दे, चांगली आहे.

आता समारोपाचं बोलायला हवं, दादा तिकडून हातवारे करताहेत.

मास्तरांबद्दल मी अजून एकही चांगला शब्द बोलले नाही, हे माझ्या लक्षात आहे. तर ऐका. या माणसानं गल्लीतल्या एवढ्या बायांचे हात बघितले. कोणाचा जड, कोणाचा हलका, कोणाचा घाबरट, कोणाचा भांडकुदळ. आणि एकीलाही म्हणाले नाहीत की तुझा हात चुकतो. हात तसाच राहू दिला आणि त्या हाताला बसेल असं माप दिलं. आमच्याकडून मात्र एवढं झालं नाही की आपलं माप आपण वापरावं. मी जगात बऱ्याच माणसांबरोबर राहिले आहे. नवरा, सासू, दीर, मुलगा, सून. कोणाला मी असं माप दिलेलं नाही आणि कोणी मला दिलेलं नाही. तेव्हा यात मास्तरांचा काहीतरी डाव असणारच. इतकी वर्षं लक्ष ठेवूनही तो मला सापडला नाही. सापडला की कळवीन, घरचा पत्ता माझ्याकडं आहे.

मास्तर, गुडघ्यांना जपा. बुधवारी दुपारी रिकामे असाल तर हॉल रिकामाच असतो, एवढंच सांगते. आमंत्रण समजू नका.

अध्यक्षीण बाईंचे आभार, त्यांनी काटा खरा वाचला. मालकांचे आभार, त्यांनी कप मनापासून भरला, त्यांच्या मदतीशिवाय आजचं हे भाषण उभं राहिलं नसतं. शिवणवालीचे आभार, ती मधेच उठून गेली नाही. टेबलावर मैदा सांडलाय, तो झाडून घेणाऱ्यांचे आगाऊ आभार. चहा आला आहे असं दिसतं. त्यात साखर कोणी घातली आणि कशानं मोजली, ते पिण्याआधी विचारून घ्या.

आणि राहता राहिलं, बोलण्यात काही जास्त गेलं असेल त्याचं. गेलंच असणार. मास्तरांनी माझं माप कधीच काढून ठेवलं आहे, दुसरीच्या दोनाला माझं दीड. माझं बोलणंही त्याच हातचं आहे, ठोकून भरलेलं. तेव्हा कोणाला लागलं असेल तर त्यानं सगळं घेऊ नये. पाऊणच धरावं, म्हणजे बरोबर उतरेल. नमस्कार.